रुळांशिवायचा डबा

लेस नोस्के बोलण्याच्या बाबतीत भारी कंजूष होता. १९६६ साली मी पीटरबरोच्या शाळेत शिकवायला आले आणि त्याच्या शेजारचं दगडी घर भाड्यानं घेतलं. पहिले तीन महिने तो कुंपणापलीकडून नुसती मान हलवायचा. चौथ्या महिन्यात माझ्या स्वयंपाकघराचं दार खाली घासायला लागलं. मी कुणाला काही म्हटलंही नव्हतं. एका सकाळी हा रंधा घेऊन दारात उभा. दार उतरवलं, चार हात मारले, परत चढवलं. "थंडीत पुन्हा फुगेल. तेव्हा हाक मारा," एवढं म्हणून गेला.

त्याच्या वाट्याचंही बोलणं त्याची बायको बेरिल बोलायची. लेस बत्तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात सुतार होता, आणि आगगाडीचे झोपायचे डबे बांधणं हे त्याचं खास काम. बाकाचा पलंग कसा व्हावा, वरचा बर्थ भिंतीत कसा मिटावा, हे सगळं त्याच्या हातात होतं. बेरिल सांगायची, "आमच्या या बाबानं हजार माणसांची झोपायची सोय केली असेल. स्वतः मात्र एकदाही आगगाडीत झोपला नाही. कुठं जायचंच नसतं ना त्याला."

बेरिलची गोष्ट उलटी. तिचा जन्मच रुळांच्या कडेचा. आमच्या गावापासून दोन दिवसांच्या वाटेवर, उत्तरेच्या लाल माळावर, टॅलबॉट नावाचा एक थांबा होता. एक दगडी घर, पाण्याची टाकी आणि रूळ, एवढाच. तिचे वडील तिथं रूळ सांभाळणाऱ्या टोळीत होते. वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत ती तिथं वाढली. आठवड्यातून एकदा गाडी यायची, ती पाणी, पाव आणि टपाल टाकून जायची. लग्न होऊन ती आमच्या गावी आली, नंतर एकदा चर्चच्या पायरीवरून पडली आणि तिचा खुबा मोडला. खुब्यात पोलादाची पट्टी बसवली, हातात काठी आली. खाली वाकणं आणि बुटक्या खुर्चीवर बसणं तिला कायमचं बंद झालं.

ऐंशी साल सरता सरता त्या मार्गावरची शेवटची गाडी धावली. आता रूळ उखडणार, अशी बातमी वर्तमानपत्रात आली. तीन दिवस बेरिलनं त्या बातमीबद्दल चकार शब्द काढला नाही. बेरिल तीन दिवस गप्प म्हणजे घरात कुणी आजारी असल्यासारखंच. चौथ्या दिवशी रविवार होता. त्यांच्याकडे मला जेवायला बोलावलं होतं. मटण भाजलेलं, त्यावर पुदिन्याची चटणी. बटाटे वाढता वाढता ती म्हणाली, "टॅलबॉटला जायचंय मला. कुणी घराचे दगड उचलून न्यायच्या आत."

लेसनं काटा खाली ठेवला. "झोपशील कुठं? तिथं खाणावळ नाही, काही नाही. आणि तू जमिनीवर बसलीस तर उठवायला क्रेन लागेल."

"मग क्रेन आण," बेरिल म्हणाली, आणि मला विचारलं, आणखी रस्सा हवा का.

पुढच्याच वर्षी रेल्वेनं कारखान्यातली माणसं कमी केली. लेस सत्तावन्न वर्षांचा होता. निरोपाला घड्याळ मिळालं, ते त्यानं कधी हातात घातलं नाही. त्याच महिन्यात रूळ-टोळीची एक जुनी पिकअप गाडी लिलावात निघाली. ती त्यानं घरी आणून मागच्या शेडमध्ये लावली. पुढं तिघं बसतील असं सलग बाक, मागं उघडा लोखंडी हौदा. तो दोन दिवस त्या हौद्याभोवती नुसता फिरत होता. तिसऱ्या दिवशी मला हाक आली, साक्षीदार म्हणून.

त्याला बेरिलचं माप घ्यायचं होतं. विटांवर फळी ठेवून तो तिला पाय उचलायला सांगत होता. एक वीट जमली, दोन जमल्या, तिसरीला तिचा चेहरा आक्रसला. त्यानं पेन्सिलीनं भिंतीवर खूण केली. मग गाद्यांवर गाद्या रचून कुठल्या उंचीवरून ती कुणाचा हात न धरता उठू शकते, ते पाहिलं. शेवटी तिला आडवं करून खांद्यापासून कोपरापर्यंत पट्टी लावली. बेरिल छताकडे बघत म्हणाली, "मास्तरीणबाई, लक्ष ठेव गं. शवपेटीचं झाकण बसवायला लागला तर ओरड."

त्या थंडीत शेडमधून सतत रंध्याचा आवाज यायचा. मोडीत निघालेल्या डब्यांचं देवदाराचं लाकूड त्यानं वर्षानुवर्षं जपून ठेवलं होतं. ते सगळं बाहेर निघालं. हौद्यावर त्यानं खोली उभी केली. एका बाजूला बेरिलच्या मापाचा बर्थ, त्याखाली खण, डोक्याशी लहानशी सरकती खिडकी, कोट अडकवायला पितळी आकडे. खणांचे कोपरे त्यानं खाचेत खाच बसवून जोडले होते, कागदही शिरणार नाही असे. वर तीन हात वॉर्निश. रविवारी चर्च सुटलं की लोक मुद्दाम वळसा घालून बघायला यायचे. पाद्रीसाहेबांनी दार उघडून आत डोकं घातलं आणि म्हणाले, "लेस, असा डबा तर मोठ्या साहेबांच्या गाडीलाही नसेल." लेसचे कान लाल झाले. इतका खूश मी त्याला आधी पाहिला नव्हता.

आमच्या दक्षिण गोलार्धातल्या शरद ऋतूत, मार्च संपता संपता, दोघं चाचणीसाठी निघाली. हॉकर गावापर्यंत डांबरी रस्ता. त्यापुढं मातीचा, आणि तो पन्हळी पत्र्यासारखा. आडव्या लाटाच लाटा. त्यावरून गाडी धावत नाही, थरथरत राहते, तासन् तास. पाच दिवसांसाठी गेलेली माणसं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आली. मी अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. बेरिल गाडीतून उतरली तेव्हा तिचे पांढरे केस विटकरी झाले होते. तिनं नुसतं मागच्या दाराकडे बोट केलं.

आत बघवत नव्हतं. स्क्रू आपणहून बाहेर येऊन जमिनीवर पसरले होते. त्या सुंदर खणांचे कोपरे उघडले होते. एक तळातून निसटून पीठ सांडलेलं, पिठात लाल धूळ, धुळीत फुटलेली मुरंब्याची बरणी. बर्थ एका बाजूनं लोंबत होता. आणि मागच्या चाकांचे धक्के झेलणाऱ्या पोलादी कमानीचा एक पाटा मोडला होता, कारण त्या देवदाराचं वजन किती होतं ते कुणी मोजलंच नव्हतं.

लेसनं शेडला कुलूप लावलं. तीन आठवडे तो तिकडं फिरकला नाही. एकदा कुंपणाशी माझ्या टोमॅटोच्या वाफ्याकडं बघत उभा होता. मी विचारलं, पुन्हा कधी सुरू करणार.

"बत्तीस वर्षं मला वाटायचं, माझं काम चांगलं आहे," तो म्हणाला. "चांगले होते ते रूळ, मास्तरीणबाई. माझं काय होतं?"

मी त्याला दोन टोमॅटो दिले.

शेडचं कुलूप बेरिलनं काढलं. किल्ली तिनं कुठून मिळवली कोण जाणे. एका दुपारी मी शाळेतून आले तर शेडमधून ठोकाठोक ऐकू आली, म्हणून डोकावले. बेरिल उंच स्टुलावर बसली होती आणि काठीच्या टोकानं एक एक फळी उचकटत होती. लेस तिच्यासमोर उभा होता, हात खिशात.

"हे पितळ काढ. हे काढ. हे देवदारही काढ," ती म्हणत होती. "मला टॅलबॉटला जायचंय, राणीला भेटायला नाही."

मग तिनं धुळीचं सांगितलं. तिच्या लहानपणी टोळीचा स्वयंपाक एका डब्यात व्हायचा. तो डबा धुळीतून चालला की आचारी मागची सगळी दारं-खिडक्या बंद करायचा आणि पुढची खिडकी, वाऱ्याच्या तोंडाची, चार बोटं उघडी ठेवून तिला ओलं गोणपाट लावायचा. आत शिरलेली हवा फटींतून बाहेर पडू बघायची, त्यामुळं फटींतून धूळ आत यायची नाही. "आचारी दारुडा होता," बेरिल म्हणाली, "पण त्याच्या पिठात कधी खडा लागला नाही."

लेसनं खिशातून हात काढला आणि कानामागची पेन्सिल घेतली.

त्यानंतर तो लोकांना विचारत फिरायला लागला. न बोलणारा हा माणूस रस्त्याची माती सारखी करणाऱ्या यंत्रावरच्या माणसाकडं गेला, माळावर कुंपणं घालणाऱ्यांकडं गेला, त्यांच्या गाड्यांखाली आडवा होऊन बघून आला. लाकूड हलकं, प्लायवूडचं घेतलं. स्क्रूऐवजी आरपार बोल्ट, नटाला तारेचा वेढा, आणि प्रत्येक जोडाखाली कातड्याची चकती, म्हणजे जोड थोडा हलेल पण फाटणार नाही. सगळी खोली त्यानं टायरच्या रबरावर बसवली. भंगारातल्या फ्रिजची रबरी पट्टी सोलून दाराला लावली. टपावर पुढच्या बाजूला पत्र्याचं नाकाडं केलं, आत फडकं, वारा गाळून घ्यायला. गाडीतली पाण्याची टाकी मागून काढून पुढं, तळाशी नेली. कमानीत एक पाटा वाढवला. मागचा फाळका खाली पाडला की साखळ्यांवर आडवा राहायचा आणि बेरिलच्या कमरेइतका ओटा तयार व्हायचा. बाजूला ताडपत्री गुंडाळलेली, दोन काठ्या लावल्या की ओसरी.

दिसायला ते कोंबड्यांचं खुराडं होतं. या खेपेला चर्चहून वळसा घालून कुणी आलं नाही.

लेस एकटाच हॉकरच्या पलीकडं तीनदा जाऊन आला. दर खेपेला बशीभर पीठ आत ठेवायचा आणि परतल्यावर बेरिलपुढं धरायचा. पहिल्यांदा ती म्हणाली, "गुलाबी." दुसऱ्यांदा, "अजून थोडं." तिसऱ्यांदा तिनं बोटानं चाखून पाहिलं आणि म्हणाली, "सामान भर."

१९८३च्या मे महिन्यात शाळेला सुटी होती. मलाही बरोबर घेतलं. पुढच्या बाकावर आम्ही तिघं, मध्ये मी. दर तीस मैलांवर लेस थांबायचा, उतरायचा, एक एक नट हातानं चाचपायचा आणि परत बसायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी रूळ उखडलेला उंचवटा दिसायला लागला. रुळांखालच्या लाकडी स्लीपरच्या खुणा मातीत तशाच होत्या. बेरिलनं माझ्या मांडीवर हात ठेवला तो टॅलबॉट येईपर्यंत काढला नाही.

घराचं छप्पर गेलं होतं. भिंती होत्या. टाकी एका बाजूला कललेली. बेरिल काठी टेकत दारातून आत गेली, तिथं आता आकाशच होतं. आम्ही बाहेर थांबलो. आतून तिचा आवाज येत होता. ती मोठ्यानं सांगत होती, इथं चूल, इथं आईचं शिवणयंत्र, इथं बाबांचे बूट. लेस म्हणाला, "जा तू आत. तिला कुणीतरी ऐकायला लागतं." मी म्हटलं, तूच जा. तो गेला. बऱ्याच वेळानं दोघं बाहेर आली तेव्हा बेरिलचं नाक लाल होतं आणि ती लेसला तावातावानं सांगत होती की खिडकीची चौकट चोरणारा माणूस नरकात जाईल.

गाडी घराच्या आडोशाला लावली. फाळका पाडला, चहा झाला. एक रात्र राहून परतायचा बेत होता. सकाळी दक्षिणेकडून काळं भरून आलं आणि पाऊस सुरू झाला. त्या माळावर वर्षवर्ष पाऊस नसतो, आणि पडला की रस्त्याचा साबण होतो. आमच्या दोन्ही बाजूंचे ओढे भरले. लेस चार पावलं चालून आला तर त्याच्या बुटांना वीतभर चिखल चिकटला होता. "बसा आता," तो म्हणाला.

दुपारी पावसातून दोन माणसं चालत येताना दिसली. मेंढ्या कातरणाऱ्यांच्या टोळीचा आचारी बॅरी आणि त्याची बायको ग्लेनिस. ग्लेनिसच्या कोटाच्या आत पाच महिन्यांची मुलगी होती. त्यांची गाडी दोन मैल मागं, दारापर्यंत चिखलात रुतलेली. पोरगी गार पडली होती आणि रडायचंही तिनं थांबवलं होतं. तेच वाईट, असं ग्लेनिस सारखं म्हणत होती.

बेरिलनं हुकूम सोडायला सुरुवात केली. ग्लेनिसला ओल्या कपड्यांतून बाहेर काढून बर्थवर आपल्या कुशीशी घेतलं, मध्ये पोरगी, वर सगळ्या रजया. लेसनं खालचा पिठाचा खण ओढून काढला, पीठ बादलीत ओतलं, खण पुसला, आपला लोकरी स्वेटर काढून आत अंथरला. गरम पाण्याच्या बाटल्या मोज्यांत घालून कडेला ठेवल्या. बेरिलच्या उशाशी दोन पट्ट्यांनी त्यानं तो खण टांगला. मी बाहेर ताडपत्रीखाली दूध कोमट करत होते. तासाभरानं आतून रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. बॅरी माझ्या शेजारी मटकन खाली बसला आणि त्यानं तोंड हातांत झाकून घेतलं. लेसनं त्याच्या खांद्यावर थापटलं. "पाटे तपासून येतो," म्हणाला, आणि पावसातच गाडीखाली गेला. पाट्यांना काहीही झालेलं नव्हतं.

आम्ही तिथं सहा दिवस होतो. पाच मोठी माणसं, एक तान्हं, आणि ती गाडी. बायका आत, पुरुष ताडपत्रीखाली, मी जिथं जागा मिळेल तिथं. ताडपत्रीवरचं पाणी पन्हाळीनं गाडीच्या टाकीत सोडलं होतं. बॅरी आचारी निघाला हे आमचं नशीब. निखाऱ्यात पुरून केलेले त्याचे जाड रोट आणि डब्यातले पीच आम्ही रोज खाल्ले. पुरवून पुरवून खाताना कुणी कुरकुरलं नाही. बेरिल त्या दिवसांत जितकी बोलली तितकी उभ्या आयुष्यात बोलली नसेल, आणि हे तिच्याबद्दल म्हणणं सोपं नाही. तिनं सांगितलं, ती स्वतः याच घरात अशाच पुरात जन्मली होती. डॉक्टरला घेऊन येणारी गाडी चाळीस मैल अलीकडं अडकलेली. तिच्या वडिलांनी टोळीतल्या त्या दारुड्या आचाऱ्याला बोलावलं होतं, कारण पाणी उकळायचं त्यालाच नीट जमायचं.

पाचव्या दिवशी ऊन पडलं. बेरिल बाहेर खुर्चीत पोरगीला घेऊन बसली होती. लेस चार दिवस ओल्या जमिनीवर झोपून वाकडा झाला होता. ती त्याला म्हणाली, "जा, आत जाऊन आडवा हो."

"मला नको. ते तुझ्या मापाचं आहे."

"लेस नोस्के, चढ आत."

तो चढला. बूट बाहेर, पायरीवर. आम्हाला वाटलं, पाच मिनिटांत उतरेल. दुपार कलली तरी त्याच्या घोरण्याचा आवाज येत होता. बेरिल कुणाला मोठ्यानं बोलू देईना. चहाची किटली वाजली तर बॅरीवर डोळे वटारले. लेस उठून बाहेर आला तेव्हा केस उभे, गालावर उशीची घडी उमटलेली. डोळे चोळत म्हणाला, "डोक्याकडं दोन इंच कमी पडतंय." पण तो हसत होता.

त्यानंतर आठ वर्षं त्या दोघांचा पाय घरात ठरला नाही. डोंगरात जायचे, मिठाच्या तळ्यांकडं जायचे, क्वांडाँगची आंबट लाल फळं पिकली की ती वेचायला जायचे आणि मला त्यांचं सारण भरून भाजलेली गोड पेस्ट्री करून द्यायचे. लेसच्या शेडमध्ये गावातली इतर माणसं आपापल्या गाड्या घेऊन यायला लागली. तो कुणाला काही बांधून देत नसे. हत्यारं वापरू द्यायचा, आणि मध्येच येऊन एखाद्या जोडावर बोट ठेवून म्हणायचा, "हा हलू दे."

एक्क्याण्णव साली बेरिल गेली. शेवटचे काही आठवडे दवाखान्यात होती, तरी पलंगाची उंची चुकीची आहे म्हणून नर्सशी भांडत होती. लेसनं गाडीवर चादर टाकली. वर्षभर ती चादर तशीच होती. मी रोज त्याच्याकडं काहीतरी झाकून नेऊन द्यायची, तो भांडी धुऊन कुंपणावर ठेवायचा.

मग एका सकाळी शेड रिकामी. कुंपणावर माझी वाडगी, त्याखाली चिठ्ठी, कोंबड्यांना दाणे घाल अशी. तीन आठवडे काही पत्ता नाही. मग एक पोस्टकार्ड आलं, पश्चिमेकडच्या समुद्राच्या कड्यांचं. त्याच्या हातचं पत्र मी पहिल्यांदाच बघत होते. मागं सुताराच्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, "वारा फार. सगळं जागेवर आहे."

तो परतला तेव्हा गाडीवर लाल धुळीऐवजी मिठाचा पांढरा थर होता आणि लेसच्या नाकाची साल निघाली होती. मी चहा घेऊन कुंपणाशी गेले. आयुष्यात समुद्र त्यानं पहिल्यांदाच पाहिला होता, म्हणून विचारलं, कसा वाटला.

त्यानं कपात बराच वेळ फुंकर घातली.

"मोठा आहे," तो म्हणाला. "बेरिलला नसता आवडला. बसायला कुठं सावलीच नाही." कप रिकामा करून त्यानं माझ्या हातात दिला आणि गाडीवरचं मीठ धुण्यासाठी नळाला पाइप जोडायला गेला.